नवी गोळी फार चांगली आहे

"बाई, ही तक्रार आहे की कौतुक, ते तुम्हीच ठरवा," म्हणत पारसनीसांनी एक पाकीट माझ्या टेबलावर टाकलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

पारसनीस आमचे विक्रीप्रमुख. गोड बोलून माल खपवणं हा त्यांचा धंदा आणि त्यांच्या मालाला नाकं मुरडणं हा माझा. नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा कारखाना होता आणि मी, सुलभा देवस्थळी, तिथली गुणवत्ता विभागाची प्रमुख. माझ्या सहीशिवाय गोळ्यांचं एकही खोकं फाटकाबाहेर जात नसे. सही मी हिरव्या शाईत करायची. तसा काही नियम नव्हता, माझा तोरा होता.

पाकिटात वहीचं रेघांचं पान होतं. इंग्रजीत, शाळेतल्या निबंधासारख्या गोल, नीट अक्षरात लिहिलेलं. 'महोदय, तुमची सर्दीची नवी पांढरी गोळी फार चांगली आहे. कृपया ती पुन्हा पूर्वीसारखी करा, पिवळी आणि चिकट. नवी गोळी आल्यापासून आम्हाला फार त्रास होतो आहे. कृपया लवकर करा.' खाली बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत संपण्याचा महिना, सगळं जसंच्या तसं. सोबत गोळ्यांची एक रिकामी पट्टी. नाव नाही, पत्ता नाही. पाकिटावर मिझोरमच्या टपालाचा शिक्का.

"फार चांगली आहे म्हणून तक्रार!" पारसनीस हसायला लागले. "बाई, अशी तक्रार माझ्या बायकोनं माझ्याबद्दल एकदा तरी करावी."

"तुमच्या बायकोकडे तक्रारींचं रजिस्टर नाही म्हणून तुम्ही वाचलात," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे. हिला नंबर पडणार."

"अहो, फाडून टाका. कुणीतरी चक्रम असेल."

"चक्रम माणूस बॅच नंबर लिहीत नाही."

मला ते पत्र आवडलं होतं, हे खरं. इतक्या वर्षांत लोकांची पत्रं यायची ती 'तुमच्या औषधानं गुण नाही' एवढीच. बॅच नंबर कुणाच्या बापानं लिहिला नव्हता. आणि शिवाय ती गोळी माझी होती. लोकांना पोरांचं कौतुक असतं, मला त्या पांढऱ्या गोळीचं होतं.

त्यामागची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी मिझोरमच्या आमच्या विक्रेत्याकडून तक्रार आली होती की पिवळ्या गोळीचा रंग पाण्यात उतरतो. सहा महिन्यांनी दुसरी आली, की गोळी विरघळताना चिकट लगदा होतो. तिकडे डोंगरात म्हातारी माणसं, लहान पोरं गोळी पाण्यात विरघळवून घेत असतील, असं मी धरून चालले. रंग काढला. गोळीची बांधणी बदलली. चाचण्या करता करता सहा महिने गेले, पण अशी गोळी तयार झाली की कोमट पाण्यात टाकावी आणि दोन मिनिटांत ग्लासात काही उरू नये. ईशान्येकडची विक्री चौपट झाली. वार्षिक समारंभात मालकांनी माझा सत्कार करून पितळी पाटी दिली, तिच्यावर 'ग्राहक हाच देव' असं कोरलेलं होतं. इतकी सर्दी तिकडे कशी, असं मी एकदा विचारलं होतं. पारसनीस म्हणाले, "डोंगरातली हवा, बाई. नाकं गळतात लोकांची." आणि माझं समाधान झालं.

कागदपत्रं तर आमची चोख होती. गोळीत जी औषधी भुकटी असते तिच्या किलोकिलोचा परवाना, हिशेब, तपासणी असे. एकदा भुकटीची गोळी झाली की ते औषध, मग ते कुठेही जावो. नियमच तसा होता आणि नियम पाळण्यात आमचा हात धरणारा कुणी नव्हता.

तर तक्रार नोंदवली. पद्धत अशी होती की तक्रारदाराचं नाव नसेल तर ती बॅच ज्या विक्रेत्याकडे गेली त्याच्याकडे तक्रारीची प्रत पाठवून माहिती मागवायची. मी पत्राची झेरॉक्स काढली, खालच्या मोकळ्या जागेत हिरव्या शाईत शेरा लिहिला, सही केली, पूर्ण नाव आणि हुद्द्याचा शिक्का मारला आणि कुरिअरनं पाठवून दिली. तीन आठवड्यांत विक्रेत्याचं उत्तर आलं, 'तक्रारदार सापडला. प्रकरण मिटले.' तीन आठवडे! आमच्या पुण्याच्या विक्रेत्याला साधी पोच द्यायला तीन महिने लागायचे. मी ते उत्तर पारसनीसांना नेऊन दाखवलं होतं, चेष्टेला चेष्टा म्हणून.

पण फॉर्मवर तक्रारदाराची सही लागते, आणि ती आली नव्हती. एप्रिलमध्ये मला गुवाहाटीचं गोदाम तपासायला जायचंच होतं. म्हटलं, चार-पाच दिवस वाकडी वाट करू. पारसनीस म्हणाले, "एका सहीसाठी ब्रह्मदेशाच्या सीमेवर? बाई, राहू द्या. मी सांगतो ना, राहू द्या." त्यांच्या आवाजातली चेष्टा पहिल्यांदाच गेली होती. मला वाटलं, प्रवासखर्चाला भितात.

ऐझॉलहून सुमो गाडीनं दीड दिवस लागला. वळणं घेऊन घेऊन पोटात काही राहिलं नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास गाडीनं मला सीमेवरच्या त्या गावात उतरवलं. उतारावर पत्र्याच्या छपरांची घरं, एक चर्च, खाली तियाऊ नदी आणि तिच्यावर एक लहानसा पूल. पुलाच्या अलीकडे आपण, पलीकडे ब्रह्मदेश. बायका पाठीवर टोपल्या घेऊन बाजारासाठी ये-जा करत होत्या, कुणी कुणाला अडवत नव्हतं.

विक्रेत्याचं नाव झोथांगा. त्याला सगळे 'पु झोथांगा' म्हणत. 'पु' म्हणजे आपल्याकडचं 'राव' आणि बाईला 'पी'. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हळू बोलणारा गृहस्थ. त्याला हिंदी यायची, माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यानं बिनदुधाचा लाल चहा दिला आणि बशीत गुळाचा खडा. गूळ चावायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. आमच्या आजोळी पाहुण्याला गूळपाणी देत, त्याची आठवण होऊन मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मी पिशवीतून काचेचा ग्लास, थर्मामीटर आणि घड्याळ काढलं. कोमट पाणी मागवलं. त्याच्याच दुकानातली पट्टी घेऊन एक गोळी पाण्यात टाकली.

"एक मिनिट पन्नास सेकंद," मी म्हणाले. ग्लासात काही उरलं नव्हतं. "आता सांगा, हिच्यात काय वाईट आहे?"

"काही नाही, पी," झोथांगा ग्लासाकडे बघत म्हणाला. "फार चांगली आहे."

"पत्रातही तेच लिहिलंय. मला त्या माणसाला भेटायचंय."

"ते मिटलं. मी कळवलं होतं."

"हो, पण सही राहिली. सहीशिवाय आमच्याकडे काही मिटत नाही."

मी माझी तपासणी सुरू केली. माल ठेवायची जागा कोरडी आहे का, ऊन लागतं का, हे बघायचं असतं. दुकानामागचं गोदाम बघितलं आणि मी दारातच थांबले. जमिनीपासून पत्र्यापर्यंत आमची खोकी होती. माझ्या हिरव्या सहीनं सुटलेल्या बॅचेस, एकावर एक. दुसरं काही नाही. तापाचं औषध, जुलाबाची पुडी, खोकल्याची बाटली, काही म्हणजे काही नाही. त्या गावातली झाडून सगळी माणसं बारा महिने तेरा काळ शिंकत बसली असती तरी त्यांना त्या गोळ्या दहा वर्षं पुरल्या असत्या.

"हे सगळं कुणासाठी?" मी विचारलं.

"नदीपलीकडे जातं."

"पलीकडे एवढी सर्दी?"

झोथांगानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी त्याची टिंगल करते आहे का, हे तो शोधत होता असं आता वाटतं.

"पी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

त्यानं चहाच्या बशा उचलल्या, आत नेऊन ठेवल्या, परत आला. "वर चढावर सरकारी दवाखाना आहे. तिथे सिस्टर रोकिमी असते. तिला विचारा. मी येत नाही. मला इथे राहायचंय, माझी माणसं इथे आहेत." मग हात जोडून म्हणाला, "तुम्ही विचारलंत म्हणून मी विचारलं, पी. कागद तुमचा होता. मी फक्त पलीकडे दाखवला."

काय ते मला कळलं नाही. मी चढ चढू लागले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. ओसरीवरच्या बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या. एकीनं चिंधी सोडलेली होती. अंगठ्याच्या पेरावर कातडंच नव्हतं, बारीक बारीक चिरा होत्या आणि त्या पिकल्या होत्या. अख्ख्या रांगेला एकच दुखणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सिस्टर रोकिमी तिशीपस्तिशीची असेल. सिल्चरला नर्सिंग शिकलेली, हिंदी झकास. मी कंपनीचं नाव सांगितलं तशी तिनं हातातला कापूस खाली ठेवला.

"ह्या बायकांना काय झालंय?" मी विचारलं.

"तुमच्या गोळ्या."

"गोळीनं अंगठ्याला असं होऊ शकत नाही," मी ताबडतोब म्हणाले. सवयच ती. "आम्ही सगळ्या चाचण्या करतो."

"खाऊन नाही. काढून." तिनं टेबलावरची कसलीशी पट्टी उचलली आणि अंगठ्यानं दाबून एक गोळी बाहेर काढली. पत्र्याचा पातळ कागद टचकन फाटला. "हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. रोज. पलीकडच्या गावांत बंदुकवाले येतात. शेडमध्ये बायकांना, पोरांना बसवतात आणि तुमच्या पट्ट्यांमधून गोळ्या काढायला लावतात. पिंपांत भिजवतात. त्यातलं औषध वेगळं काढून आणखी आत डोंगरात नेतात. तिथे त्याची नशेची लाल गोळी होते. देशोदेशी जाते. थोडी ह्याच पुलावरून परत इकडेही येते."

मी खाली बसले. बाकावर जागा नव्हती, पायरीवर बसले.

ती ओसरीच्या खांबाला टेकून बोलत होती. आवाज चढवत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "आधी पिवळी गोळी होती. ती भिजवली की चिकटायची, रंग उतरायचा, काम रखडायचं. म्हणून एकच शेड होती आणि बंदुकवाल्यांची एकच टोळी. कधी कधी तर कंटाळून महिना महिना फिरकायचे नाहीत. मग पांढरी आली. पाण्यात टाकली की संपलं. एका शेडच्या पाच झाल्या. दुसरी टोळी आली, आम्हालाही वाटा हवा म्हणून. गेल्या पावसाळ्यापासून दोघांची मारामारी चालू आहे. दोन गावं जाळली. ज्या बाप्यांनी बायकांना पाठवायला नकार दिला त्यांना चर्चसमोर उभं करून गोळ्या घातल्या. ह्या सगळ्या तिथून पळून आल्यात."

रंग उतरतो. चिकट लगदा होतो. दोन्ही तक्रारी मी फाईलला लावल्या होत्या, दोन्ही मी सोडवल्या होत्या. सहा महिने मी कुणासाठी खपत होते ते मला त्या पायरीवर कळलं. सर्दी झालेला माणूस गोळी पाण्यात भिजवतो कशाला, एवढा साधा प्रश्न चौथीतल्या मुलानं विचारला असता. माझ्याकडे दोन पदव्या होत्या आणि मी तो विचारला नव्हता.

"मग ते पत्र..." मी म्हणाले.

"पारतेनं लिहिलं. अठरा वर्षांची होती. पलीकडच्या गावात तिच्याएवढं इंग्रजी कुणाला येत नव्हतं. शेडमधल्या मालाच्या याद्या तिलाच लिहायला लावायचे. तुमच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना, तक्रार असल्यास ह्या पत्त्यावर लिहा म्हणून? दिवसभर तो पत्ता तिच्या डोळ्यांखालून जायचा. एक दिवस इकडे दवाखान्यात आली तेव्हा मला म्हणाली, सिस्टर, कंपनीवाले चांगली माणसं दिसतात, लिहा म्हणतात. आपण त्यांना सांगू या की पुन्हा जुनी गोळी करा. मग हे कंटाळतील आणि जातील." रोकिमी थांबली. "मी तिला म्हटलं, सगळं लिही. बंदुका, शेडा, सगळं. ती म्हणाली, नको, पत्र वाटेत कुणी फोडलं तर? फक्त गोळीबद्दल लिहिते. हुशार माणसं आहेत, समजतील. पाकीट मीच टपालात टाकलं."

'होती' म्हणाली होती ती. मी ऐकलं होतं, पण ऐकलं नाही असं स्वतःला सांगत होते.

"ती कुठे आहे?" मी विचारलं. "मला भेटवा. मी तिच्यासाठीच आले आहे."

रोकिमीनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. नाव वाचलं. आधी सावकाश, मग पुन्हा एकदा. तिचा चेहरा इतका बदलला की मी न कळत ओळखपत्रावर हात ठेवला.

"तुम्हीच का," ती म्हणाली. एवढंच.

तिनं बाकावरच्या एका बाईला हाक मारली. "पारतेची आई." त्यांच्याकडे बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात, आमच्याकडे गावात मारतात तशीच. चाळिशीची, बुटकी, रापलेली बाई उठून आली. अंगठ्यांना चिंध्या. रोकिमी तिच्याशी काहीतरी बोलली, त्यात कंपनीचं नाव तेवढं मला कळलं. आणि त्या बाईचा चेहरा उजळला. उजळला म्हणजे खरोखरच. तिनं घाईघाईनं कमरेच्या पिशवीत हात घातला आणि घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

माझी झेरॉक्स होती ती. वरच्या अर्ध्या भागात ते गोल, नीट अक्षर. घडीच्या खाली माझं हिरवं. 'हस्ताक्षरावरून तक्रारदार ओळखावा आणि त्वरित योग्य ती कार्यवाही करून कळवावे.' खाली सही, पूर्ण नाव, शिक्का. कागदाच्या एका कडेला तपकिरी डाग होता आणि तो चहाचा नव्हता.

"शेडमधल्या याद्या तिच्याच अक्षरात होत्या," रोकिमी म्हणाली. "शेजारी ठेवून बघायला त्यांना एक क्षण लागला असेल. मार्चमधली गोष्ट. सकाळी नदीकाठी सापडली. कागद तिच्या पोटावर ठेवला होता, वर दगड. सगळ्यांनी बघावा म्हणून."

प्रकरण मिटले, असं उत्तर आलं होतं, आणि मी ते घेऊन पारसनीसांच्या केबिनमध्ये मिरवत गेले होते.

पारतेची आई मात्र माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, अगदी आर्जवानं.

"काय म्हणते?"

"तिला वाचता येत नाही," रोकिमी म्हणाली. "तिला एवढंच माहीत आहे की वरचं पारतेचं आणि खालचं हिरवं कंपनीचं. तिच्या पोरीच्या पत्राला कंपनीनं उत्तर दिलं असं ती समजते. महिनाभर जवळ बाळगते आहे. कंपनीनं काय लिहिलंय ते मला वाचून दाखव म्हणते. मी दाखवलं नाही. माझी छाती झाली नाही." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "आता तुम्ही आला आहात. तुम्ही सांगा."

"मला त्यांची भाषा येत नाही."

"कसंही सांगा."

मी उठले. काय करावं ते सुचेना. खोटं सांगता आलं असतं. कंपनीनं गोळी बदलायचं कबूल केलंय, असं सांगितलं असतं तर त्या बाईला बरं वाटलं असतं आणि रोकिमीनंही कदाचित तसंच सांगितलं असतं. मी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. मग तेच बोट माझ्या छातीवर ठेवलं. हे मी लिहिलं. मी.

तिला कळलं. पण तिला कळलं ते असं, की तिच्या लेकीला जिनं उत्तर लिहिलं ती बाई एवढ्या लांबून भेटायला आली आहे. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. चिंध्या ओल्या होत्या, मला लागत होत्या. ती रडत होती आणि मान हलवून हलवून माझे आभार मानत होती. आभाराला भाषा लागत नाही, ते दुर्दैवानं मला सगळं समजत होतं.

"सांगा तिला," मी रोकिमीला म्हणाले. मी ओरडलेच असेन, कारण बाकावरच्या सगळ्या बायका बघायला लागल्या. "खालचं काय आहे ते शब्दन् शब्द सांगा. मी वाचते." आणि मी वाचलं. इंग्रजीत, माझंच वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाव आणि हुद्द्यासकट.

रोकिमीनं सांगितलं. फार वेळ लागला नाही, वाक्य एकच होतं.

पारतेच्या आईनं हात लगेच सोडला नाही. तिचं रडं आधी थांबलं. मग तिनं हात सोडला. मला वाटलं मारेल, आणि देवाशपथ सांगते, तिनं मारावं असं मला फार वाटत होतं. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला. घडी घातली, तीच जुनी घडी. घडीवरून नख फिरवायला गेली, पण अंगठ्याला चिंधी होती, म्हणून दातांनी कड धरली आणि घडीवर कागद सावकाश फाडला. वरचा अर्धा, पोरीच्या अक्षराचा, तिनं पिशवीत ठेवला. खालचा अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि बाकावर आपल्या जागी जाऊन बसली. तिचा नंबर अजून यायचा होता.

परतीच्या वाटेवरचं मला फारसं आठवत नाही. नाशिकला पोचल्यावर मी पारसनीसांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, मी म्हटलं होतं ना, राहू द्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत आहे की आपण औषध बनवतो आणि परवानाधारक विक्रेत्याला विकतो. नदीपलीकडचं नदीपलीकडे. त्यांचं सरकार आहे, पोलीस आहेत. आणि आपण नाही दिली तर दुसरा कुणी देईल, तेही पिवळी नाही, पांढरीच."

त्या दिवसापासून त्या गोळीच्या एकाही बॅचवर मी सही केली नाही. महिन्याभरात मला बढती देऊन दुसऱ्या कामावर बसवलं आणि माझ्या जागी नवा माणूस आला. तो निळ्या शाईत सही करायचा. पुढे काही वर्षांनी नियम बदलले आणि गोळीचाही हिशेब द्यावा लागू लागला. तोवर खोकी जात राहिली. पलीकडे किती शेडा झाल्या, ते मला कुणी कळवलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. त्या विचारण्याचीच मला भीती बसली होती.

तक्रारीचा फॉर्म मात्र जागा सोडण्यापूर्वी मी स्वतः पूर्ण केला. 'तक्रार खरी की खोटी' ह्यापुढे 'खरी' लिहिलं. तक्रारदाराच्या सहीची जागा रिकामी सोडली. त्याखाली एक मोठा चौकोन असतो, 'तक्रारीचे मूळ कारण'. त्यात मी काही लिहिलं नाही. त्या चौकोनात मी कागदाचा खालचा अर्धा तुकडा डकवला आणि फॉर्म वर पाठवून दिला.

आठ दिवसांनी तो परत आला. वर चिठ्ठी लावली होती, 'फॉर्म अपूर्ण आहे. कृपया मूळ कारण लिहावे.'